‘वतन’ शब्दाचा प्रवास

१९६३ च्या जानेवारी महिन्यांत दिल्लीस, चीनच्या युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, लता मंगेशकरांनीं एक गीत गायिलें. तें सर्वांस ठाऊक आहे. त्या गीतांत ‘वतन’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ तेथें ‘देश’ असा आहे. ज्याच्यासाठीं प्राण द्यावे तें वतन. त्याच्या अगोदरच्याच वर्षीं, १९६२ सालीं, महाराष्ट्र राज्यानें महसुली पाटलांचीं वंशपरंपरागत पदें नाहींशीं करण्याचा कायदा केला होता. खेड्यांतल्या भाषेंत बोलावयाचें तर पाटलाचें वतन गेलें. एक वतन जावें म्हणून विधिमंडळानें कायदा करावा, दुसरें वतन राहावें म्हणून सैनिकांनीं बर्फांत देह ठेवावे, आणि दोहोंचें नांव एकच असावें, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आली आहे. एकाच शब्दाच्या पोटीं हे दोन अर्थ आले कसे, आणि त्यांतला दुसरा अर्थ मराठींत कां रुजला नाहीं, याचा शोध घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठी ‘वतन’ हा शब्द संस्कृत ‘वर्तन’, म्हणजे उपजीविकेचें साधन, ह्या शब्दावरून आला असावा, असें कोणी कोणी म्हणतात. अर्थ जुळतो, यांत शंका नाहीं. आणि अर्थ जुळला कीं व्युत्पत्ति जुळली असें मानण्याचा मोह आम्हां मराठी लोकांस फार आहे. पण मराठी भाषेची एक साधी खोड येथें आड येते. जोडाक्षर मोडलें कीं मराठी त्याच्या मागचा स्वर दीर्घ करते. कर्म याचें काम झालें, सप्त याचें सात झालें, वर्ति याची वात झाली, आणि कर्तन यावरून कातणें आलें. त्या न्यायानें ‘वर्तन’ शब्दाचा अपभ्रंश ‘वातन’ किंवा ‘वाटण’ असा कांहीं तरी झाला असता. आंखूड ‘व’ घेऊन ‘वतन’ झाला नसता. शिवाय जुन्या कागदांत हा शब्द ज्या सोबत्यांच्या मेळ्यांत वावरतो ते मिरास, हक्क, इनाम, महजर हे सगळे अरबी कुळींचे आहेत. माणसाची ओळख जशी संगतीवरून पटते तशी शब्दाचीही पटते.

अरबींत ‘वतन’ या शब्दाचा धातु वाव, तो, नून ह्या तीन अक्षरांचा असून त्याचा मूळ अर्थ एखाद्या जागीं मुक्काम करणें, वस्ती करणें, एवढाच आहे. तेराव्या शतकांत इब्न मंजूर यानें रचलेल्या ‘लिसान-अल्-अरब’ ह्या विशाल कोशांत वतन म्हणजे ज्या घरांत तूं राहतोस तें घर, असा अर्थ दिला आहे; आणि लगेच पुढें सांगितलें आहे कीं, शेळ्यामेंढ्या व गाईगुरें ज्या जागीं विसाव्याला येऊन बसतात त्या जागांनाही वतन म्हणतात. देशभक्तीच्या कवितांत ज्या शब्दानें श्रोत्यांचे डोळे भरून येतात तो शब्द एके काळीं गोठ्याला आणि मेंढवाड्यालाही लागत होता, हें वाचून आम्हांस तर त्याच्याविषयीं अधिकच आपलेपणा वाटला. दिवसभर चरून संध्याकाळीं गुरें ज्या जागेकडे आपण होऊन वळतात तिच्याहून वतनाची सोपी व्याख्या कोणती करणार?

कुराणांत ‘वतन’ हा शब्द ह्या रूपानें आलेला नाहीं. त्याच धातूचा ‘मवातिन’ हा शब्द मात्र नवव्या सूऱ्यांत एकदां आला आहे, पण तेथें त्याचा अर्थ रणभूमीच्या जागा असा आहे. धर्मशास्त्र्यांस ह्या शब्दाची गरज भासली ती अगदीं वेगळ्या कारणानें. प्रवासी मनुष्यास चार रकातींच्या नमाजाऐवजीं दोन रकाती म्हणण्याची सवलत आहे. तेव्हां मनुष्य प्रवासी केव्हां आणि रहिवासी केव्हां, हें ठरविणें आलें. हनफी पंथाच्या शास्त्र्यांनीं त्यासाठीं वतनाचे भेद पाडले. जेथें मनुष्याचा जन्म झाला किंवा जेथें त्याचें बिऱ्हाड कायमचें आहे तें मूळ वतन, आणि जेथें पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा त्याचा निश्चय आहे तें मुक्कामाचें वतन. म्हणजे पंधरवड्याच्या वस्तीनेंही वतन होत असे! ह्या अर्थांत ना राजा आहे, ना सीमा, ना झेंडा.

घराची ओढ मात्र ह्या शब्दाला प्रारंभापासून चिकटलेली आहे. नवव्या शतकांतला बसऱ्याचा थोर गद्यकार जाहिज याच्या नांवावर वतनाच्या ओढीविषयींचें एक छोटें प्रकरण सांगितलें जातें. वतनाचें प्रेम हें श्रद्धेचें अंग आहे, अशा आशयाचें एक वचन पैगंबरांच्या नांवें फार पसरलें. हदीसच्या परीक्षकांनीं तें बनावट ठरविलें, तरी लोकांच्या तोंडून तें गेलें नाहीं. सूफी संतांनीं त्याचा निराळाच अर्थ लावला. त्यांच्या मतें हें वतन म्हणजे इराक नव्हे आणि शामही नव्हे, तर आत्मा जेथून आला तें परलोकीचें घर. आपल्याकडे वारकरी संतांनीं माहेर हा शब्द ज्या ओढीनें वापरला तीच ही ओढ.

ह्या घरगुती शब्दाचा देश झाला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि तोही बराचसा फ्रेंचांच्या सहवासानें. मिसरच्या महंमद अलीनें १८२६ सालीं विद्यार्थ्यांची एक तुकडी पॅरिसला पाठविली. तिच्याबरोबर इमाम म्हणून रिफाअ अल्-तहतावी हा तरुण मौलवी गेला आणि पांच वर्षें राहून १८३१ मध्यें परतला. फ्रेंच लोक आपल्या मातृभूमीविषयीं ज्या भावनेनें बोलतात त्या भावनेसाठीं अरबी शब्द शोधतांना त्याला वतन सांपडलें. १८६० मध्यें लेबनान व दमास्कस येथें धर्माधर्मांत भयंकर कत्तली झाल्या, तेव्हां बुत्रुस अल्-बुस्तानी ह्या ख्रिस्ती विद्वानानें पत्रकांमागून पत्रकें काढून आपल्या लोकांना सांगितलें कीं, पंथ निरनिराळे असले तरी वतन एक आहे. आणि पत्रकांखालीं सही केली ती ‘वतनप्रेमी’ एवढीच. मुसलमानांत बनावट ठरलेलें तें वचन ह्या ख्रिस्ती गृहस्थानें पुढें आपल्या नियतकालिकाचें ब्रीद म्हणून वापरलें, ही शब्दांच्या इतिहासांतली एक गोड गोष्ट आहे. तुर्कांत नामिक केमाल याचें ‘वतन अथवा सिलिस्त्रे’ हें नाटक १८७३ सालीं इस्तंबूल येथें रंगभूमीवर आलें. प्रेक्षक इतके बेभान झाले कीं सुलतानाच्या सरकारनें नाटककारास उचलून सायप्रस बेटांत ठेवलें. त्याच काळांत उर्दूंत हालीनें १८७४ सालीं वतनप्रेमावर कविता लिहिली. १९०८ मध्यें प्रेमचंदांचा, तेव्हां ते नवाबराय या नांवानें लिहीत, ‘सोज़े वतन’ हा कथासंग्रह निघाला आणि इंग्रज अधिकाऱ्यांनीं तो जाळविला. इक्बालनें तर दोन्ही बाजू पाहिल्या. १९०४ सालीं त्यानें हिंदुस्थानच्या वतनाचें गाणें रचलें, आणि पुढें वतनाला नव्या युगाचें दैवत म्हणून त्याचा निषेध करणारी कविताही लिहिली. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यांत ज्यूंना पॅलेस्टाइनांत ‘राष्ट्रीय घर’ देण्याचें जें मोघम वचन होतें, त्याच्या अरबी भाषांतरांतही घर या जागीं वतन हाच शब्द आला. घर आणि देश यांच्या सीमारेषेवर हा शब्द किती अवघडून उभा आहे, हें यावरून कळावें.

हा झाला एक रस्ता. आतां आपल्या दक्षिणेकडे वळूं.

दक्षिणेंत हा शब्द एकोणिसाव्या शतकाची वाट पाहत बसला नव्हता. १३४७ मध्यें बहामनी राज्य स्थापन झालें. दरबारचें लिहिणें फारशींत होऊं लागलें आणि फारशीच्या पोटांतून शेंकडों अरबी शब्द आमच्या चावडीवर उतरले. त्या काळाच्या आधींपासून गांवगाड्याची व्यवस्था उभी होती. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार ह्यांचे हक्क बापाकडून मुलाकडे जात, आणि त्यांना ‘वृत्ति’ असें नांव होतें. नव्या राज्यकर्त्यांनीं ही व्यवस्था मोडली नाहीं. तिला नवें नांव दिलें. ज्या गांवीं ज्याचें घर मुळापासून आहे त्या गांवींच त्याचा हक्क. घर आणि हक्क वेगळे काढतांच येत नव्हते. तेव्हां घराचा शब्द हक्काला लागला, असें आम्हांस वाटतें. उत्तरेंत मोंगलांनीं राजपूत राजांना त्यांच्या वाडवडिलांचा मुलूख ‘वतन जागीर’ म्हणून ठेवला. इतर जहागिरी बदलत, ही बदलत नसे. तेथेंही घर आणि हक्क यांची अशीच सांगड दिसते. पण उत्तरेंत हा अर्थ राजेरजवाड्यांपुरता राहिला. महाराष्ट्रांत तो सुतार, लोहार, न्हावी, महार यांच्यापर्यंत, प्रत्येकाच्या उंबऱ्यापर्यंत, खालीं झिरपला.

आणि एकदां झिरपल्यावर त्यानें मराठी मनाची पकड घेतली. जुन्या महजरांची पानें चाळीत बसलें असतां आम्हांस नेहमीं विस्मय वाटतो. गोतसभा बसते, शेजारच्या गांवांचे पाटील, शेटे, बलुतेदार जमतात, वृद्ध लोक साक्षी देतात, प्रसंगीं दिव्यही करावें लागतें. आणि एवढा खटाटोप कशासाठीं, तर निम्म्या पाटीलकीचा मान कोणाचा. पानसुपारी आधीं कोणास द्यावी, होळीची पोळी आधीं कोणाची पडावी, पोळ्याच्या दिवशीं कोणाचा बैल वेशींतून पुढें जावा, याच्या याद्या खरेदीखतांत बारकाईनें लिहिलेल्या सांपडतात. ह्या भांडणांत डोकीं फुटलीं, घराणीं बुडालीं, पिढ्यान्‌पिढ्या वैरें चाललीं. त्यांना हंसणें सोपें आहे. पण ज्याचें वतन गेलें त्याला गांवांत ओळखच उरत नसे, हें विसरतां कामा नये.

जेधे घराण्याच्या करिन्यांतली एक हकीकत ह्या ठिकाणीं सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १६५९ मध्यें अफझलखान वाईकडे उतरला तेव्हां मावळच्या देशमुखांना विजापुरची फर्मानें आलीं. खानास मिळावें, न मिळाल्यास वतन जाईल, असा त्यांचा मतलब. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. कारीचे कान्होजी जेधे, रोहिडखोऱ्याचे देशमुख, पांचही मुलांस घेऊन शिवाजीमहाराजांकडे आले. महाराजांनीं त्यांना उघड विचारलें कीं, तुम्ही आमच्याकडे राहिलां तर वतन राहणार नाहीं, त्याची वाट काय? तेव्हां कान्होजींनीं वतनावर पाणी सोडलें. पाणी सोडणें हा आमच्या दानविधींतला संकल्प. सोडलेली वस्तु एका अरबी शब्दाची. स्वराज्याच्या बाजूनें उभें राहण्यासाठीं जें सोडावें लागलें त्याचें नांव वतन होतें, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. कारण आमच्या प्रश्नाचें उत्तर हेंच आहे.

ज्या वस्तूसाठीं तुर्की, अरबी आणि उर्दू बोलणारे लोक वतन हा शब्द योजतात, तिच्या आड महाराष्ट्रांत वतनच येत होतें. शिवाजीमहाराजांनीं देशमुखांचे हुडे व वाडे पाडले, त्यांचे हक्क बांधून दिले आणि त्यांना रयतेप्रमाणें साध्या घरांत राहावयास लाविलें, असें सभासद सांगतो. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत ह्या वतनदारांचें जें चित्र आहे तें वाचून अंगावर कांटा येतो. अमात्यांच्या मतें हे लोक नांवाचे वतनदार, वस्तुतः लहान लहान स्वतंत्र नायकच. आपलें वतन वाढवावें, शेजाऱ्याचें ओढावें, आणि परचक्र आलें कीं वतनाच्या आशेनें सर्वांआधीं शत्रूस जाऊन भेटावें, ही त्यांची रीत. अमात्यांनीं त्यांचा उच्छेद करा असें मात्र सांगितलेलें नाहीं. स्नेह आणि दंड यांच्या मध्यें त्यांना धरून ठेवा, असें सांगितलें आहे. तो सल्ला देणारा मनुष्य संभाजीमहाराजांच्या वधानंतरचीं वर्षें पाहिलेला होता. त्या वर्षांत मोंगल आणि मराठे, दोघेही माणसें आपल्याकडे ओढण्यासाठीं वतनांचीं आमिषें दाखवीत होते, आणि सरदार आज इकडे तर उद्यां तिकडे जात होते.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, मराठींत वतन या शब्दाचा अर्थ देश झाला नाहीं याचें कारण इतकेंच कीं, गेल्या शतकांतल्या आमच्या लेखकांस संस्कृत शब्दांची आवड होती. त्यांना देश, मातृभूमि, स्वदेश हे शब्द आयतेच मिळाले. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. शिवकालींच राजव्यवहारकोश रचून फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा यत्न झाला होता, आणि विसाव्या शतकांत भाषाशुद्धीची चळवळही झाली. पण आवडीनें सगळें ठरत नाहीं. हक्क, कायदा, हुकूम, वकील, खबर, तारीख हे अरबी शब्द कोणास काढतां आले नाहींत. माधव जूलियन यांनीं १९२५ सालीं काढलेला फारशी-मराठी कोश पाहिला म्हणजे आमच्या बोलण्यांत किती परकीं पाखरें घरटीं करून राहिलीं आहेत तें कळतें. तेव्हां वतन हा शब्द देशासाठीं रिकामा असता तर मराठी कवींनींही तो घेतला असता. तो रिकामा नव्हता. त्याच्यावर पाटीलकी बसलेली होती.

याची दोन छोटीं प्रमाणें भाषेंतच आहेत. उर्दूंत मनुष्यास देशाबाहेर घालविलें म्हणजे त्याला ‘जिलावतन’ केलें असें म्हणतात. मराठींत आपण त्याला ‘हद्दपार’ करतों. हद्द हा शब्दही अरबीच. परंतु येथें मनुष्य सीमेपलीकडे जातो, वतनाबाहेर नव्हे. दुसरें प्रमाण अधिक बोलकें आहे. तुर्कींत नागरिकाला ‘वतनदाश’ म्हणतात. दाश हा तुर्की प्रत्यय, त्याचा अर्थ सोबती, वांटेकरी. एकाच वतनांत आपल्याबरोबर राहणारा तो वतनदाश. मराठींत आपण ‘वतनदार’ म्हणतों. दार हा फारशी प्रत्यय, त्याचा अर्थ धारण करणारा. एका अक्षराचा फरक, पण एकांत सगळे येतात आणि दुसऱ्यांत ज्याचें आहे तोच येतो.

हें सर्व लिहून झाल्यावरही ह्या शब्दाची एक बाजू सांगावयाची राहते, आणि ती सर्वांत कठीण आहे. पाटलाचें वतन त्याला गांवांत मोठें करीत होतें. महाराचें वतन काय करीत होतें? दंतकथा सांगते कीं, अमृतनाक नांवाच्या महार वीरानें बेदरच्या बादशहाची बेगम सोडवून आणली आणि बक्षीस म्हणून आपल्या जातीसाठीं बावन हक्क मागून घेतले. कथा खरी असो वा नसो, बहामनी राजधानीचें नांव तिच्यांत यावें हें लक्षणीय आहे. शब्द जेथून आला तेथूनच हक्क आले, असें लोकस्मृति म्हणते. हे हक्क म्हणजे हाडकी-हाडवळ्याची तुटपुंजी जमीन, बलुत्याचें धान्य आणि मेलेल्या गुराचें कातडें. त्यांच्या मोबदल्यांत वेशीवर पहारा, सरकारी कागद व टपाल पोंचविणें, वसुलाची रक्कम तालुक्याला नेणाऱ्याबरोबर चालणें, अंमलदाराची सरबराई, चावडीवर लोकांना बोलावून आणणें, मेलेलीं जनावरें ओढणें. दिवस नाहीं, रात्र नाहीं. शीव कोणती याचा तंटा पडला कीं साक्ष महाराची. गांवाच्या सीमेचें ज्ञान त्याला, आणि वस्ती मात्र सीमेजवळ, गांवाबाहेर.

१८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्यानें ही सर्व व्यवस्था इंग्रजी कलमांत बांधून टाकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ‘बहिष्कृत भारत’ पत्रांतून ह्या वतनाविरुद्ध लिहिलें, आणि १९२८ च्या मार्च महिन्यांत मुंबईच्या कायदेकौन्सिलांत त्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें. महारांच्या चाकरीस रोख आणि निश्चित मोबदला मिळावा, ज्याला वतनाची चाकरी नको असेल त्याला ती सोडतां यावी, जमिनीचा पूर्ण सारा भरून ती त्याच्याकडेच राहावी, असा त्यांचा रोख होता. विधेयकाची अशी कांहीं काटछांट होऊं लागली कीं पुढल्या वर्षीं त्यांना तें मागें घ्यावें लागलें. कोल्हापूर संस्थानांत शाहूमहाराजांनीं १९१८ सालींच कुलकर्ण्यांचीं वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले होते आणि महार वतनाच्या जमिनीही रयतावा करून दिल्या होत्या. इंग्रजी इलाख्यास तें जमलें नाहीं. बाबासाहेबांचा आक्षेप केवळ कमी मोबदल्यावर नव्हता. वतनाच्या आशेनें मनुष्य गांव सोडीत नाहीं, दुसरा धंदा धरीत नाहीं आणि स्वाभिमानाचा सौदा करतो, हें त्यांचें दुःख होतें. ज्यांच्यावर हा शब्द सर्वांत अधिक भारानें पडला त्यांनाच तो सोडणें सर्वांत जड गेलें. कारण तेवढी एक तुकडाभर जमीन, एवढाच त्यांचा गांवावरचा लेखी अधिकार होता.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, वतन या शब्दाचा मराठी इतिहास सांगणाऱ्यानें वाड्यांतले महजर जसे वाचावे तशी चावडीबाहेरची हाळीही ऐकावी. अरबीच्या कोशांत गुरांच्या विसाव्याची जागा म्हणून नोंदलेला हा शब्द येथें मेलेलीं गुरें ओढणाऱ्याच्या गळ्यांत पडला. ह्यांत कोशाचा दोष नाहीं आणि अरबीचाही नाहीं. तें आमचें कर्तृत्व आहे.

१९५८ सालीं कनिष्ठ ग्रामवतनें नाहींशीं करण्याचा कायदा झाला आणि महार वतन संपलें. पूर्वीच्या वतनदारांना त्यांच्या जमिनी ठराविक रक्कम भरून पुन्हां देण्याची त्यांत तजवीज होती, पण सरकारच्या परवानगीवांचून त्या दुसऱ्यास देतां येऊं नयेत अशी अट राहिली. चाकरी गेली, बलुतें गेलें, नांव गेलें. तरी आजही एखाद्या गांवीं जमिनीचे जुने कागद उलगडतांना ‘महार वतन’ ही नोंद समोर येते, आणि ज्यांच्या आज्यानें हातांत काठी घेऊन तालुक्याची वाट तुडविली ते नातू तलाठ्याच्या टेबलासमोर उभे राहून, ही जमीन आमची कीं सरकारची, असें विचारीत असतात.